बाविसावा कप्पा

चपला काढू नका, मिस्त्री. राहू द्या पायातच. आमच्याकडे तशी पद्धत नाही, पण आज असू द्या. दारही लोटू नका, उघडंच बरं. द्वारकेच्या चौकात गर्दीत अडकला असाल ना? तिथे रोजचंच आहे. हत्यारांची पिशवी ठेवा तिथेच उंबऱ्याशी आणि टेका जरा. भिंत दाखवतेच, पण आधी मी सांगते ते ऐकून घ्या. ऐकल्यावर तुम्ही उठून गेलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

माझं नाव साधना. कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं सहायक होते. दगड धुवायचे, वाळवायचे, नंबर घालायचे, लेबल चिकटवायचं. लेबलावरचं अक्षर माझं आणि नाव कुठल्या तरी सरांचं, कारण सापडला त्यांना. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. त्याचं मला काही वाटत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगायचे. खोटं सांगायचे.

निवृत्त झाल्यावर मी स्वतःसाठी दगड गोळा करायला लागले. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव विहिरी खणतात. सुरुंग लावतात, यारीच्या यंत्राने दोर-बादलीतून दगड वर काढतात आणि काठावर ढीग टाकतात. त्या ढिगात आमच्यासारख्यांना खजिना मिळतो. काळ्या पाषाणाच्या पोकळीत कधी पांढरे, कधी अबोली रंगाचे स्फटिक सापडतात. शेतकरी त्यांना गारा म्हणतात आणि बांधावर फेकून देतात. मी रविवारी एसटीने जायचे, पिशवीभर गारा घेऊन यायचे. अक्का म्हणायची, "आणलीस का माहेरची माणसं?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लताबाई. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, माझ्या वेण्या तिनेच घातल्या. तिचं लग्न ठरलं होतं, तिने मोडलं. कशासाठी ते मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघी या फ्लॅटमध्ये आहोत. हा हॉल, ते स्वयंपाकघर, माझी खोली, आणि बोळाच्या टोकाला अक्काची खोली. चारही खोल्यांना रस्त्याकडे खिडकी आहे. येताना खालून पाहिलं असेल तुम्ही.

अक्काचे गुडघे गेलेले. काठी घेऊन चालायची. दुपारी चार वाजता तिला चहा लागायचा. हाक मारायचा कंटाळा, म्हणून ती काठी जमिनीवर आपटायची. एकदा टक म्हणजे एक कप, तिचा. शेजारीण बसायला आली असेल तर दोनदा. मी स्वयंपाकघरात मोजायचे आणि तेवढे कप टाकायचे. एकदा तिच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या होत्या तेव्हा सहा वेळा वाजवली. मी सहा कप घेऊन हजर झाले तर सगळ्या तोंडाकडे बघायला लागल्या. अक्का नुसती हसत होती. आमच्या घरातली ही गंमत बाहेर कुणाला ठाऊक नाही. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर गेल्या महिन्यातला रविवार. देवळ्याच्या अलीकडे नवनाथ म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या मळ्यात विहीर चालली होती. चाळीस फूट खाली गेले होते, पाणी नव्हतं. खाली उतरणारा माणूस सोमा. पेठकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा, उन्हाळाभर विहिरींच्या कामावर येतो. मी पोचले तेव्हा यारीची बादली वर येत होती आणि सोमा तिच्यात उभा होता. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

त्याने ते माझ्यासमोर उघडलं. तळहाताएवढा दगड होता, गोल गोल वळत गेलेला. एका बाजूने सुरीने कापल्यासारखा सपाट, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. मधोमध इवलासा कप्पा, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा, असे कप्पे वळत वळत बाहेर आलेले. प्रत्येक दोन कप्प्यांमध्ये पातळ भिंत.

समुद्रातला शंख होता तो, मिस्त्री. शंखाचा दगड झालेला.

तुम्हाला त्यात काय विशेष वाटणार? पण मी तो दोनदा उलटून पाहिला. नाशिकच्या जमिनीत शंख सापडत नाही. सापडूच शकत नाही. आपल्याखाली सगळा लाव्ह्याचा दगड. कधीकाळी जमीन फाटून तापलेला रस वर आला आणि थरावर थर गोठला. त्यात समुद्रातला जीव सापडणं म्हणजे तव्यावरच्या भाकरीत जिवंत मासा सापडण्यासारखं आहे.

मी काय केलं असेन? आमच्या धंद्यात सगळे जे करतात तेच केलं. दगड ओळखायचा तर आम्ही त्याला जीभ लावतो. हसू नका. ओल्या दगडावर रेषा उठून दिसतात आणि जुनं हाड असेल तर जिभेला चिकटतं. चौतीस वर्षं मी हेच पाहिलं आणि हेच केलं. हात आपोआप तोंडाकडे गेला.

"बाई, तोंडाला नका लावू वो!" सोमा ओरडला.

तोवर लावून झालं होतं. चव खारट होती. वाळलेल्या मिठाची नव्हे. समुद्रात पोहताना तोंडात पाणी जातं ना, तशी ओली, थंड खारट.

सोमाचा चेहरा उतरला. तो खाली बसला आणि मातीत बोट फिरवत म्हणाला, "हिरीच्या तळातनं पहिलं जे निघतं ना बाई, ते तोंडाला लावायचं नाय. पहिलं पानी बी नाय. आधी हिरीला परत द्यायचं, मंग आपून घ्यायचं. आमच्यात समदे पाळत्यात."

"आणि नाही पाळलं तर?"

"आपून तिच्या घरचं खाल्लं. आता ती आपल्या घरी येनार." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पानी लागायच्या आत हे खाली ठेवून द्या बाई. हितंच ऱ्हाऊ द्या."

नवनाथ हसला. "सोमाचं काय मनावर घेता ताई? दर हिरीला याचं काय तरी असतंच."

मीही हसले. दगड रुमालात बांधला आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले.

रात्री टेबलावर भिंग घेऊन बसले आणि कप्पे मोजले. अठरा. वहीत लिहून ठेवलं. सोमवारी सकाळी फोटो काढून मोहिनीला पाठवले. मोहिनी आमच्या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याला मोठी जीवाश्मतज्ज्ञ झालीय. तिला कळवलं की हे नाशिकला निघालंय, लाव्ह्यात. तासाभरात उत्तर आलं, "ताई, गंमत करू नका! जवळून काढलेले आणखी फोटो पाठवा."

त्या दिवशी चहा खारट लागला. मी साखरेचा डबा चाखून पाहिला, दूध चाखून पाहिलं, शेवटी नळाचं पाणी चाखलं. सगळंच खारट. अक्का म्हणाली, "चांगला झालाय की चहा." तेव्हा मी समजून चुकले की पाण्यात काही नाही, माझ्या जिभेत आहे.

बुधवारी वास यायला लागला. सुकटीचा वास. सोसायटीचे सेक्रेटरी खालून वर आले आणि आडून आडून विचारायला लागले, "ताई, तुमच्याकडे बोंबील वगैरे...?" आम्ही दोघी जन्मात अंडंसुद्धा न खाणाऱ्या. अक्काने त्यांना असं काही झापलं की ते जिन्यातून पळालेच. मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिच्याबरोबर शेवटची हसले ती त्या दिवशी.

हसता हसता माझं लक्ष तिच्या खोलीच्या भिंतीकडे गेलं. बोळाच्या बाजूची भिंत, जिच्यात दार होतं. खालपासून वीतभर पांढरं फुललं होतं. भर मे महिन्यात ओल? मी बोट फिरवलं, जिभेला लावलं. मीठ होतं. अक्काने ते पाहिलं. "साधना," ती म्हणाली, "जे दिसेल ते तोंडात घालायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे."

गुरुवारी दुपारी मोहिनीचा फोन आला. आवाज जरा विचित्र होता. "ताई, तुम्ही दोन वेगळे नमुने पाठवलेत का?"

"एकच आहे गं."

"सोमवारच्या फोटोत अठरा कप्पे आहेत. काल संध्याकाळी पाठवलेल्या फोटोत वीस."

मी फोन कानाशी धरूनच टेबलाकडे गेले. भिंग लावलं. मोजलं. परत मोजलं. वीस. बाहेरचा, सर्वांत मोठा कप्पा रविवारी दगडाने गच्च भरलेला होता. आता तिथे करंगळी आत जाईल एवढी पोकळी होती आणि कडा ओली होती.

"मोहिनी," मी म्हटलं, "हे कप्पे कशासाठी असतात गं?" मला माहीत होतं. तरी विचारलं.

"तो जीव फक्त शेवटच्या कप्प्यात राहतो, ताई. वाढला की पुढे सरकतो आणि मागे भिंत घालतो. मागचा कप्पा कायमचा बंद. फक्त एक बारीक नळी तेवढी सगळ्या भिंतींमधून मागे गेलेली असते." मग ती भरभर बोलायला लागली. "ताई, हे कुठल्याच यादीत नाही. मी सगळं धुंडाळलं. शनिवारी येतेय. कुणाच्या हातात देऊ नका. हे नवीन असेल तर याला तुमचं नाव लागेल. साधनाताईंचं."

त्याच संध्याकाळी नवनाथचा फोन आला. आता तो हसत नव्हता. "ताई, उद्या दुपारी शेवटचा सुरुंग हाय. खाली दगड घामेजलाय, पानी लागनार. सोमा काय कामाला हात लावंना. म्हनतो बाईंना तेवढं घेऊन यायला सांगा. सकाळच्या गाडीनं या ना."

अक्का ऐकत होती. तिला मी सगळं सांगितलं होतं, सोमाचं बोलणं आणि कप्प्यांचंसुद्धा. ती दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देऊन ये, साधना. मला त्याची भीती वाटते."

माझी अक्का कधी कशाला भीत नसे. तिने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलंही नव्हतं.

मी म्हटलं, "एक दिवस, अक्का. फक्त शनिवारपर्यंत."

माझ्या डोळ्यांपुढे लेबल होतं, मिस्त्री. माझं अक्षर आणि माझंच नाव. त्या एका दिवसासाठी मी काय दिलं ते मला आता रोज चार वाजता आठवतं.

शुक्रवारी दुपारी बाहेर कडक ऊन होतं. खाली गंगापूर रोडवर त्या वेळी रहदारी तुरळक असते. अक्का जेवून तिच्या खोलीत पडली होती. मी इथे हॉलमध्ये वर्तमानपत्र चाळत होते. दोनच्या सुमारास एकदम कानात दडा बसला, घाट चढताना बसतो तसा. पंख्याचा आवाज गेला, रस्त्याचा आवाज गेला. मग खूप लांबून, खालून, पाणी भरत असल्याचा आवाज आला. मोठ्या पिंपात भरतं तसा. हळूहळू तो वर वर सरकला आणि थांबला. मग पंखा परत ऐकू यायला लागला.

मी उठले नाही. उठून बघायला हवं होतं. पण मी स्वतःला म्हटलं, रक्तदाब असेल.

चार वाजता काठी वाजली. एकदा. टक.

जीव भांड्यात पडला. मी चहा टाकला, कप घेतला आणि बोळातून निघाले. बोळ नेहमीसारखाच होता. डावीकडे माझ्या खोलीचं दार, उजवीकडे देवाचा फोटो. आणि टोकाला... टोकाला भिंत होती.

नुसती भिंत. दार नाही, चौकट नाही. तोच पिवळट रंग, जुनाच, जागोजागी पोपडे आलेला. दाराशेजारच्या खिळ्याला अक्काची जपमाळ असायची. खिळा होता, माळही होती. शेजारी दार तेवढं नव्हतं. मी कप हातात धरून उभी राहिले. वाटलं, मी चुकून भलत्याच घरात आले. मागे वळून स्वयंपाकघर पाहिलं. माझंच होतं. परत वळले. भिंत.

मी हात टेकला. गार होती. आणि आतून, अगदी माझ्या हाताच्या पलीकडून, काठी वाजली.

टक.

मी किती ओरडले ते मला आठवत नाही. शेजारी आले, सेक्रेटरी आले. सगळे खाली रस्त्यावर गेले आणि वर बघायला लागले. खालून चार खिडक्या दिसतात. चौथ्या खिडकीत अक्काचा निळा पडदा हलत होता. गच्चीवरून दोर सोडून एक पोरगा उतरला. तो सांगतो की खिडकी आहे, गज आहेत, पण पडद्यामागे खोलीभर काळा दगड आहे. त्यानंतर या मजल्यावर कुणी फिरकत नाही. पोलीस एकदा येऊन गेले. त्यांनी काय लिहून घेतलं असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मोहिनी आली. बोळात उभी राहिली. तिने टेबलावरचा दगड पाहिला, हात लावला नाही. "एकवीस," एवढंच म्हणाली आणि पाणीसुद्धा न घेता परत गेली.

मी दगड घेऊन देवळ्याला धावले. विहीर काठोकाठ भरली होती. पाणी खारं, गुरं तोंड लावत नव्हती, म्हणून नवनाथने माती लोटायला ट्रॅक्टर लावला होता. सोमा आदल्या दिवशीच गावी निघून गेला होता. मी काठावर उभी राहिले, दगड हातात. टाकणार होते. मग मनात आलं, अक्काकडे जायची वाट या दगडातूनच असली तर? तो विहिरीत गेला आणि वर माती पडली तर? मी परत आणला. तो बघा, टेबलावर, ताटलीखाली झाकलाय.

मग मी एक मिस्त्री बोलावला. अमित नाव. तुमच्यासारखाच, तरुण, हसरा. त्याला मी काही सांगितलं नाही. म्हटलं, दार बुजवलंय, उघडायचंय. त्याने भिंतीवर टिचक्या मारल्या, म्हणाला, "साडेचार इंची आहे मावशी, अर्ध्या तासाचं काम." आणि ड्रिल लावलं. साडेचार इंच गेले. बिट जात राहिलं. त्याने लांब बिट लावलं, दीड फुटी. तेही मुठीपर्यंत आत गेलं. विटेची लाल भुकटी केव्हाच संपली होती, काळी पडत होती. मग आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि भोकातून पाण्याची बारीक धार लागली. अमितने बोट लावून ते चाखलं. अडवायला मी पुढे झाले, पण उशीर झाला होता. सोमाला झाला होता तसाच.

मी पुसायला फडकं आणायला गेले. आले तेव्हा तो नव्हता. मला वाटलं, घाबरून पळाला. ड्रिल तिथेच. फोन लागत नाही. आणि त्याच्या चपला... त्या बघा, दारामागे. त्या अजून तिथेच आहेत.

त्या संध्याकाळी मी दगड उघडून मोजला. बावीस.

भोकाचं मात्र बरं झालं. मी औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणली आणि आत सारली. चार वाजता काठी वाजते, मी चहा गार करून नळीत ओतते, हळूहळू. पलीकडून कुणीतरी ओढून घेतं. आधी अर्धा कप, मग सगळा. एकदा नळीला कान लावला तर लाटांचा आवाज आला आणि त्यातून अक्काचा, अगदी बारीक, "साखर कमी आहे गं." मी रडले. आनंदाने रडले, मिस्त्री. ती आहे. तिथे कशी आहे ते मला कळत नाही, पण ती आहे आणि तिला चहा लागतो.

फक्त अमित गेला त्या दिवसापासून काठी दोनदा वाजते. मी दोन कप ओतते. दोन्ही संपतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मला का सांगताय? चुकीचं लेबल लावून कुणाच्या हाती काही द्यायचं नाही, हे मी चौतीस वर्षं पाळलं. अमितच्या बाबतीत नाही पाळलं. मला माझी बहीण बाहेर हवी आहे, त्यासाठी मी काहीही करेन. पण तुम्हाला अंधारात ठेवून नाही. भिंतीला हात लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. लावलात तर एकच करा, काही झालं तरी त्या पाण्याला तोंड लावू नका.

अहो, थांबा... तो कप खाली ठेवा. चहा घेऊ नका इथला. सवयीने टाकला मी, तुमच्यापुढे ठेवायला नको होता. घोट घेतलात का? खारट लागला?

मी टाकला कारण काठी वाजली. आज चार वाजता, नेहमीसारखी. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोजली. एक. दोन. मी दोन कप ओट्यावर मांडले. मग ती परत वाजली. तिसऱ्यांदा.

मी तिसरा कप काढायला हात वर केला, आणि तुमची बेल वाजली.